न मरणाऱ्या मेंढ्या

ओरत्तनाडू हे गाव तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. माझी भाची तिथे पशुवैद्यक शिकते. सातारा जिल्ह्यातल्या मुलीने इतक्या लांब का जावे, हा प्रश्न घरात सगळ्यांनीच विचारून झाला होता. उत्तर साधे आहे. पशुवैद्यक महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि गुणांच्या यादीत हिचा नंबर जिथे लागला, तिथे ती गेली. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष दवाखान्यात काढायचे. मी भाषांतरे करते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात शहाजीराजांच्या मराठी नाटकांच्या पोथ्या पाहायच्या होत्या, म्हणून मीही निघाले. तिची आई म्हणाली, ‘तू जातेच आहेस तर पोरीला चटणी घेऊन जा.’

वसतिगृहाच्या बाकावर बसून तिने मला एक वही दाखवली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे देवनागरीत लिहिलेले तमिळ प्रश्न, उजवीकडे मराठी अर्थ. तण्णि कुडिच्चुदा? पाणी प्यायली का? साणि पोट्टुदा? शेण टाकले का? असै पोडुदा? रवंथ करते का? शिकवणे इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पण शेळी घेऊन येणारी बाई तमिळ बोलते. ‘मावशी, शरीरशास्त्र पाठ होतं गं,’ भाची म्हणाली, ‘पण जनावराला काय होतंय हे जनावर सांगत नाही. त्याची धनीण सांगते. तिचं कळलं नाही तर सगळं पाठ केलेलं वाया.’

‘असै पोडु’पाशी मी थांबले. जनावराने रवंथ करणे हा त्याचा पहिला अर्थ. जुन्या आठवणी मनात घोळवत बसणे हा दुसरा, अगदी आपल्या ‘रवंथ’सारखाच. शिवाय तमिळ छंदशास्त्रात ‘असै’ म्हणजे वृत्ताचा लहानात लहान घटक. तुलनात्मक साहित्यात एम.ए. केलेल्या बाईला असे शब्द सापडले की ती खूश होते. पण त्या वहीने मला दुसऱ्याच विचारात टाकले. पुढचे आठ दिवस मी नाटके कमी वाचली आणि एकाच गोष्टीचा माग काढत राहिले: कावेरीच्या या खोऱ्यात जनावर लेखणीखाली आले ते कधी, कोणते, कोणासाठी आणि कोणत्या भाषेत? आणि त्याला रोज चारा घालणारे माणूस त्या लिखाणात कुठे होते? हा प्रश्न मला इतका का लागतो, ते पुढे येईलच.

सुरुवात दगडावरून करावी लागते. राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे देऊळ १०१० साली पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरच्या तमिळ शिलालेखांत नंदादीपांची व्यवस्था कोरलेली आहे. एक दिवा अखंड तेवत ठेवायचा तर रोज ठरलेले तूप हवे, आणि तुपासाठी जनावरे हवीत. हिशेब पक्का होता: एका दिव्याला ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी. ही जनावरे धनगर-गवळ्यांकडे सोपवलेली असत. त्यांची नावे लेखात आहेत, त्यांना जामीन राहिलेल्यांचीही आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या मेंढपाळाचे नाव दगडावर वाचायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. पण ते नाव तिथे आहे ते तूप त्याच्याकडून येणे होते म्हणून. मेंढी आजारी पडली तर तो काय करी, कोणता पाला देई, कोणत्या महिन्यात कळप कुठे नेई, याबद्दल भिंत गप्प आहे.

चोळांच्या लेखांत अशा दानाच्या मेंढ्यांसाठी एक संज्ञा येते: ‘सावा मूवा पेराडु’. न मरणाऱ्या, म्हाताऱ्या न होणाऱ्या थोर मेंढ्या. पहिल्यांदा वाचताना ती एखाद्या पुराणकथेतली वाटते. ती आहे हिशेबातली. कळपातली मेंढी मेली तर मेंढपाळाने नव्या कोकरांतून संख्या भरून काढायची. देवाच्या खात्यात ९६ म्हणजे कायम ९६. दिवा विझायचा नाही, म्हणून मेंढी मरायची नाही. मरण होते ते मेंढपाळाच्या वाड्यात, आणि त्याची नोंद ठेवायची कोणाला गरज नव्हती. या तीन शब्दांचे मराठी मी वहीत चार वेळा लिहून खोडले. ‘अमर’ म्हटले की ती देवांच्या पंक्तीला जाऊन बसतात आणि मेंढपाळ दिसेनासा होतो. शेवटी ‘न मरणाऱ्या मेंढ्या’ हेच ठेवले. त्यातले ‘न’ कोणावर तरी लादलेले आहे, हे निदान ऐकू येते.

चोळ गेले, नायक आले. देवळासमोरचा एकाच दगडातला प्रचंड नंदी नायकांच्या काळातला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले आणि दरबारात मराठी आली. याच देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये दुसऱ्या सर्फोजींनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरून घेतला. महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी तो पाहून भारावतो. मीही भारावले. पण त्या लांबलचक मजकुरापासून थोड्या अंतरावर त्या मेंढपाळांची तमिळ नावे आहेत, हे आता ठाऊक होते. एका भिंतीवर राजवंशाची वंशावळ आणि दुसरीवर तूप देणाऱ्यांची यादी.

सर्फोजी १७९८ ला गादीवर बसले. पुढच्याच वर्षीच्या कराराने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि त्यांच्या हाती मुख्यतः किल्ला, मान आणि तनखा उरला. लढाई नाही, मुलूखगिरी नाही. जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीत शिकलेल्या या राजाने आपली सगळी उमेद विद्येकडे वळवली. ग्रंथालय वाढवले, शाळा काढल्या, धन्वंतरी महाल उभा केला. तिथे नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांच्या नोंदी ठेवल्या जात. माणसांबरोबर जनावरांच्याही औषधांची तिथे सोय होती असे सांगतात. त्यांच्या देवनागरी छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर निघाले. मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक, आणि त्यात कोल्हे, सिंह, गाढवे शुद्ध मराठी बोलतात! कागदावर जनावर बोलते करणे हे भाषांतरकाराला तेव्हाही जमत होते. गोठ्यातल्या जनावराचे काय?

सरस्वती महालाने स्वातंत्र्यानंतर आपल्या संग्रहातले दोन देखणे ग्रंथ रंगीत चित्रांसह छापले. १९५२ मध्ये नकुलाच्या नावावरचे ‘अश्वशास्त्र’ आणि १९५८ मध्ये पालकाप्य मुनींचे ‘गजशास्त्र’. पालकाप्याची कथा मोठी वेधक आहे. रानहत्ती पिके तुडवतात म्हणून अंग देशाचा राजा रोमपाद त्यांना पकडून बांधून ठेवतो. हत्तींच्या कळपात वाढलेला एक मुनी त्यांना शोधत येतो आणि जखमांवर औषध लावू लागतो. विचारले तरी प्रथम तो बोलत नाही. मग राजा प्रश्न विचारतो, तो उत्तरे देतो, आणि त्या संवादातून हत्तीचे सगळे वैद्यक उलगडते. त्याच मुनीचा प्रचंड ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला. महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशी त्याची चार स्थाने. शस्त्रक्रियेला स्वतंत्र विभाग देणारे हे शास्त्र आहे; त्याला दरबारी हौस म्हणून बाजूला सारता येत नाही.

तरी एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. हत्तीला ग्रंथ मिळाला, घोड्याला मिळाला. महाभारतात विराटाच्या घरी नकुल घोडे सांभाळतो आणि सहदेव गुरे. नकुलाचे शास्त्र रंगीत चित्रांसह माझ्यासमोर टेबलावर होते. सहदेवाच्या गुरांचे तसे देखणे पुस्तक मात्र त्या कपाटांतून माझ्या हाती आले नाही. ज्या जनावरावर राजा बसतो त्याचे वैद्यक संस्कृतात लिहिले जाते. ज्याच्या मानेवर जू असते, त्याचे वैद्यक नांगर धरणाऱ्याच्या तोंडी राहते आणि बरेचसे त्याच्याबरोबरच जाते.

आणि नांगराचा बैल इथे काही कमी मोलाचा नव्हता. जुन्या तमिळमध्ये ‘माडु’ या शब्दाचे गाय-बैल आणि संपत्ती असे दोन्ही अर्थ आहेत. त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडच्या भागात, नागपट्टणम आणि तिरुवारूरकडे, उंबळच्चेरी नावाची गुरांची जात आहे. नाव गावावरून पडले. अंगाने लहान, दूध बेताचे, पण गुडघाभर चिखलात भाताची खाचरे नांगरायला हिच्यासारखा बैल नाही. वासरू जन्मते तांबूस, कपाळावर पांढरा चांद, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. वाढते तसा रंग करडा होत जातो. ही जात कोणत्याही दरबाराने तयार केलेली नाही. कोणता खोंड ठेवायचा आणि कोणता विकायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरवणाऱ्यांनी ती केली. त्यांचे ज्ञान वाचायचे तर त्या बैलाचे खूर पाहावे लागतात.

इंग्रजांच्या राज्यात हा क्रम बदलला असेल असे मला वाटले होते. तो तसाच राहिला. हिंदुस्थानातली पहिली पशुवैद्यक शाळा १८६२ मध्ये पुण्यात निघाली, ती लष्कराची. म्हणजे पुन्हा घोडाच. फौजेतल्या देशी घोडेवैद्याला सालोत्री म्हणत; शालिहोत्र मुनींचे नाव असे घासून घासून पलटणीत पोचले होते. गाईबैलांकडे सरकारचे लक्ष गेले ते बुळकांडीने गावेच्या गावे ओस पडू लागली तेव्हा. बैल मेला की शेत पडीक, शेत पडीक की सारा बुडाला. हॅलन या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८७१ मध्ये आपला अहवाल दिला. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे, मद्रासचे १९०३ चे. जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. भर वस्तीत रोगाचे जंतू ठेवणे बरे नव्हते. मद्रासचे महाविद्यालय १९३५ मध्ये मद्रास विद्यापीठाला जोडले गेले आणि गुरांच्या डॉक्टरला पदवी मिळू लागली.

या विद्येने काय साधले ते एका ओळीत सांगता येते. भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये याच तमिळनाडूत झाला, २००६ मध्ये देश तिच्यापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळे जग. माणसाने समूळ नाहीसा केलेला हा देवीनंतरचा दुसराच रोग. माझ्या आजीच्या पिढीत ‘बुळकांडी लागो’ हा शाप होता. भाचीला तो शब्द समजावून सांगावा लागला. तिच्या अभ्यासात तो रोग आता इतिहासाच्या पानावर आहे.

ओरत्तनाडूचे महाविद्यालय २०१२ चे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाचे ते एक अंग. हे विद्यापीठ देशातले आपल्या प्रकारचे पहिले. पण या गावात शिक्षण काही २०१२ मध्ये आले नाही. सर्फोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या स्मरणार्थ १८०० च्या सुमारास इथे छत्र बांधले. गावाला मुक्तांबापुरम असेही नाव मिळाले. ‘अन्नछत्रा’तले आपले छत्र आणि तमिळ ‘सत्तिरम’ ही एकाच संस्कृत सत्राची लेकरे. रामेश्वरच्या वाटेवरच्या या छत्रांविषयी राजाने १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र लिहिले. कंपनीने छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नये, ही त्यातली कळकळ. ब्राह्मणापासून परयापर्यंत कोणालाही जात न पाहता अन्न मिळते, मुलांना दूध मिळते, बाळंतिणीची सोय होते, शिकवायला गुरुजी असतात, आजार, सूज आणि विषारी दंश यांवर उपचार करणारे वैद्य असतात, असे राजा सांगतो. अधिकार गेलेला एक राजा उरलेल्या गोष्टींपैकी कोणत्या गोष्टीसाठी भांडतो, हे पाहण्यासारखे आहे. त्याने छत्रासाठी विनंती केली. ती वाचताना भिंतीवरच्या वंशावळीपेक्षा मला हा माणूस अधिक जवळचा वाटला.

आता माझ्या प्रश्नाचे मूळ. मी पाचवीत होते. तेव्हा आमच्याकडे इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे मला अक्षरे नुकती लागू लागली होती. आजीच्या म्हशीच्या खुरांत आणि तोंडात जखमा झाल्या होत्या. लाळ्या खुरकूत, इकडे जिला कोमारी म्हणतात. तालुक्याहून काकाने बाटली आणली. बाटली कोणी दिली, काय सांगून दिली, हे आता कोणाला आठवत नाही. चिठ्ठीवरचा मजकूर इंग्रजीत होता. घरात इंग्रजी ‘येणारी’ मी एकटी. आजी म्हणाली, ‘वाच गं बाय.’ मी वाचले. फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली. अक्षर न् अक्षर बरोबर वाचले. आजीने कौतुकाने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि काकाने ते औषध बांबूच्या नळकांड्यातून म्हशीला पाजले. तिसऱ्या दिवशी म्हैस गेली. मला कोणी काही बोलले नाही, कारण माझे काही चुकले असे कोणाला वाटलेच नाही. त्या ओळीचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला, तोही मलमाच्या एका नळीवर. त्या दिवशी मी जेवले नाही. आजीला ते मी अखेरपर्यंत सांगितले नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

उच्चार करता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे, हे मला तेव्हा कळले. माझा सारा व्यवसाय त्या बाटलीपासून सुरू झाला असे म्हणणे नाटकी होईल. पण एका भाषेतले शास्त्र दुसऱ्या भाषेच्या उंबऱ्यावर थांबले की किंमत कोण मोजतो, हे मला गोठ्यात कळले, विद्यापीठात नंतर.

म्हणून भाचीची वही मला शहाजीराजांच्या पोथ्यांइतकी मोलाची वाटली. तंजावरात आता या भाषांचे येणेजाणे उलट दिशेने चालते. ज्या मोडी कागदांतून मराठे इथला कारभार हाकत, त्यांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने छापले आहे. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाला दरबारात मराठीशी जुळवून घ्यावे लागे; आज साताऱ्याची मुलगी शेळी तपासण्यासाठी तमिळ शिकते. त्यात मला काही उणे वाटत नाही, बरेच वाटते.

२०१८ च्या नोव्हेंबरात या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. त्याचे नाव ‘गजा’. नावांच्या यादीत ते श्रीलंकेने सुचवलेले होते. नारळाच्या बागा आडव्या झाल्या, गुरे-शेळ्या मोठ्या संख्येने मेल्या. मेलेल्या जनावराची भरपाई हवी तर ते जनावर होते हे कागदावर दाखवावे लागते. चोळांच्या कागदावर मेंढी मरत नव्हती. आपल्या कागदावर मेंढीला मरता येते, पण त्याआधी ती जिवंत असल्याची नोंद लागते. भाची म्हणते, कानातला बिल्ला ही जनावराची पहिली अक्षरओळख.

निघायच्या आदल्या दिवशी तिच्या तुकडीबरोबर मी जवळच्या एका गावात गेले. कालव्याला पाणी होते; मेट्टूरचे पाणी इकडे आले की माणसांच्या बोलण्यात सैलपणा येतो. एका घरापुढे तीन शेळ्या होत्या. एकीच्या खुराला जखम. सरांनी तपासले, धुवायला आणि लावायला औषध दिले. घरची बाई भाचीला भरभर काही सांगत होती. भाची मध्येच थांबवून पुन्हा विचारी, ‘असै पोडुदा?’ बाई हसली. प्रश्न बरोबर होता, उच्चार साताऱ्याचा होता.

बाटलीवरचा छापील मजकूर इंग्रजीत होता. भाचीने खिशातून चिकटपट्टीचा तुकडा काढला, बाटलीवर लावला आणि त्यावर पेनाने तमिळ अक्षरे काढू लागली. ‘पूस मट्टुम्’. फक्त लावायला. हे तिला मी सांगितलेले नव्हते. ती बाटलीची गोष्ट तिला ठाऊकही नव्हती. मी शेळीकडे पाहत उभी राहिले.

बाईची सात-आठ वर्षांची मुलगी जवळ आली, वाकून वाचू लागली. तिने पेन मागितले, भाचीच्या एका अक्षरावरचा चुकलेला काना खोडला, नीट काढला, आणि ती ओळ आईला मोठ्याने वाचून दाखवली. आईने मान हलवली आणि बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा वळचणीला ठेवली.